ठकी गप्प बसली तेव्हा

३ जून

चि. ठकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनचं म्हणशील तर तो मला जमत नाही. तू तिकडून नुसतं हं-हं करतेस आणि मी इकडे मिनिटं मोजत बसते. त्यापेक्षा पत्र बरं. चारदा वाचता येतं आणि उलट उत्तरही देत नाही.

दुकान चालू आहे. चष्म्यावाचून माणसाचं अडतं म्हणून आपलं भागतं, पण हल्ली काचांचे भाव ऐकले की गिऱ्हाइकं आल्या पावली परत जातात. काल ते निवृत्त मास्तर आले होते. हौसेने नवा नंबर काढून घेतला, किंमत विचारली आणि म्हणाले, जग आता दिसतंय तेवढं पुष्कळ आहे. मी हसले, पण गल्ल्यात काही पडलं नाही. काच तीच, खोकं तेच, पाठवणाराही तोच. गेल्या वर्षी ज्या पैशात एक खोकं यायचं, त्यात आता पाऊण येतं. व्यापाऱ्याला चांगलं फैलावर घेतलं, तर म्हणतो कसा, मी एक पैसा वाढवलेला नाही, आपलाच पैसा पडलाय. एवढा पैसा पडला आणि मला आवाजसुद्धा आला नाही!

आता मुद्द्याचं. काचेच्या कडा घासायचं माझं चाक अजून ठणठणीत आहे, पण मनगट बिघडलंय. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. तुमच्या देशात बनलेलं एक मशीन मिळतंय. काच ठेवायची, बटण दाबायचं, कडा आपोआप तयार. विक्रेत्याने भाव तुमच्या चलनात सांगितलाय. आज घेतलं तर माझी शिल्लक जेमतेम पुरते. आपला पैसा आणखी पडला तर मशीनही नाही आणि मनगटही नाही. सावरला तर चार पैसे हातात राहतील.

तुझी बँक व्याज वरखाली करते आणि त्यावर आमच्याकडचे भाव नाचतात, असं शेजारचे घड्याळवाले सांगतात. तू तर त्याच घरात बसतेस. मग सांग, आता घेऊ की थांबू?

कळावे. लोभ आहे तेवढा असू दे, त्याचा तरी भाव वाढवू नकोस.

तुझी आत्या


१४ जून

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मनगटाचं वाचून वाईट वाटलं. शेक घेतेस का? घेत नसशील. ‘घेते’ असं खोटं लिहूही नकोस.

घड्याळवाले म्हणतात ते बरोबर आहे, फक्त मी त्या घरात फार खालच्या मजल्यावर बसते. व्याजाचा दर ठरवतात ती मोठी माणसं. त्यांच्यापुढे जे तक्ते ठेवतात ते आमच्या खोलीत तयार होतात. पावाचा भाव काय, घरभाडं किती, केस कापायला किती पडतात. गेल्या महिन्यात केस कापणं महागलं, तर आमच्याकडे त्यावर अर्धा दिवस चर्चा झाली, आणि चर्चा करणाऱ्यांत टक्कल पडलेलेच जास्त होते.

तुझा पैसा आवाज न करता कसा पडला ते सांगते. इथे भाव फार चढले की बँक व्याज वाढवते, म्हणजे लोकांनी उधारीवर खरेदी कमी करावी. पण जास्त व्याज मिळतंय म्हटल्यावर जगभरचे पैसेवाले आपला पैसा इथे ठेवायला धावतात. इथे ठेवायचा तर आधी तुमचं चलन विकून आमचं घ्यायला हवं. ज्याला गिऱ्हाईक जास्त ते महाग, हे तुला मी काय सांगणार! आमचं चलन महाग झालं की तुझं काचेचं खोकं तिकडे महाग. मग पैसा पळू नये म्हणून तुमची बँकही व्याज वाढवते आणि घड्याळवाल्यांच्या कर्जाचा हप्ता वाढतो. इथे केस कापणं महागलं, त्याचं बिल असं फिरतफिरत तुमच्या गल्लीत येतं.

मशीन घ्यायचं की थांबायचं, हे मात्र मी सांगणार नाही. मला ठाऊक नसतं म्हणून नाही, ठाऊक असतं तरी नसतं सांगितलं. व्याज ठरवायची बैठक जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. त्याआधी दोन आठवडे आमच्याकडे मौन असतं. व्याजाबद्दल कोणी कोणाशी चकार शब्द काढायचा नाही. लिफ्टमध्ये नाही, जेवताना नाही, घरच्यांशी तर नाहीच. मागे एक जण मेहुण्याशी बोलला आणि नोकरीला मुकला. माझी तर नोकरी गेली की इथे राहायची परवानगीही गेली. तेव्हा महिनाअखेरीपासून तुला फक्त माझ्या खिडकीतल्या कुंड्या आणि घरमालकिणीचं बहिरं कुत्रं, एवढ्याच बातम्या मिळतील.

लोभ आहेच. मनगट जप म्हणजे तो वाढेल.

तुझी ठकी


२३ जून

चि. ठकीस अ. उ. आ.

मोठी आली मौन पाळणारी! तुझे आईबाप गेल्यावर सहा वर्षांची तू माझ्याकडे आलीस, तेव्हापासून तुझं मौन मी ओळखून आहे. एरवी तुझ्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. पण कधी हात धुऊन, शहाण्यासारखी, पाटीवर सुबक अक्षर काढत बसलेली दिसलीस की मी आधी फडताळ उघडून बघायची. आत काहीतरी फुटलेलं असायचंच. एकदाही माझा अंदाज चुकला नाही. काचेच्या बरणीच्या वेळी तर तू न सांगता बाराखडी लिहून ठेवली होतीस.

तेव्हा बाई, तू सांगू नकोस. मी विचारतही नाही. विक्रेता बैठकीपर्यंत भाव धरून ठेवतो म्हणालाय. कुंड्यांचं खुशाल लिही.

मनगट शेकते आहे. (दोनदा शेकलं.)

तुझी आत्या


१ जुलै

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी ठीक आहे. खिडकीतल्या दोन कुंड्यांना फुलं आली आहेत. तिसरीला आली नाहीत. घरमालकिणीचं कुत्रं आता मला ओळखतं. हवा बरी आहे. काम नेहमीसारखं चालू आहे.

तुझी तब्येत सांभाळ. मनगट रोज शेकावं.

लोभ असावा ही विनंती.

तुझी ठकी


९ जुलै

चि. ठकीस अनेकानेक आशीर्वाद.

अगं, तुझं पत्र उघडलं आणि मी दुकानात एकटीच हसत सुटले. आठ ओळी! आणि अक्षर काय, एखाद्या लग्नपत्रिकेचं असावं तसं. ओळी सरळ, मात्रा जागच्या जागी, एक खाडाखोड नाही. एकही टोमणा नाही! म्हटलं, ठकीने बाराखडी काढली रे काढली. फडताळात काहीतरी मोठं फुटलंय.

तू बोलली नाहीस, मीही विचारलं नाही, तेव्हा तुझ्या नियमाला धक्का लागलेला नाही. पण मला जे कळायचं ते कळलं. व्याज वाढणार आणि आपला पैसा आणखी पडणार. त्याच दुपारी मशीनचे सगळे पैसे चुकते केले. शिल्लक पार खरवडून काढली, पण आता वाढू दे काय वाढायचं ते.

घड्याळवाल्यांना बाहेरून सेल मागवायचे होते. त्यांना म्हटलं, माझी ठकी गप्प बसली आहे, तुम्ही काय ते समजा. ते काय समजले ते खेळण्यांच्या दुकानातल्या बाईंना सांगून आले आणि तिथून गल्लीभर झालं. चार वाजता चलन बदलून देणाऱ्याच्या दारात रांग! त्याने विचारलं, आज काय आहे, तर रांगेतून कोणीतरी सांगितलं, चष्मेवाल्या आत्यांची भाची मोठ्या बँकेत आहे आणि ती गप्प बसली आहे. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू. आईबापावेगळी पोर माझी, आणि तिच्या नुसत्या गप्प बसण्याला केवढी किंमत!

मशीन पुढच्या आठवड्यात येतंय. जागा करून ठेवली आहे.

लोभ आहेच. आज तर तो मावत नाहीये.

तुझी आत्या


१७ जुलै

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

आत्या, हे पत्र बसून वाच.

बँकेने व्याज वाढवलं नाही. उलट कमी केलं. केस कापण्यापासून पावापर्यंत सगळ्याचे भाव निवळत चालले होते, म्हणून. इथे व्याज उतरलं तसा पैसा दुसरीकडे निघाला, त्यातला थोडा तुमच्याकडेही वळला असणार, आणि तुझा पडलेला पैसा उठून बसला. तू चार दिवस थांबली असतीस तर तेच मशीन बरंच स्वस्त पडलं असतं. गल्लीतल्या सगळ्यांचंच तसं.

माझ्या पत्रात काही नव्हतं, आत्या. व्याजाचं काय होणार ते मला माहीतच नव्हतं. आमची खोली तक्ते वर पाठवते, वरचं उत्तर आम्हाला इतर लोकांबरोबरच कळतं. पण तुझं अगदीच चुकलं असंही नाही. फडताळात फुटलं होतं. मी इकडे येताना तू स्वतः घासून दिलेला चष्मा मी खुर्चीवर ठेवला आणि त्याच खुर्चीवर बसले. दोन्ही काचा गेल्या. ऑफिसशेजारच्या एका मोठ्या झगझगीत दुकानातून नवा घेतला. तुझी भाची दुसऱ्याच्या दुकानातला चष्मा लावते हे तुला कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून दुसरं काही सुचेना. आणि नंबर वाढला होता तो नव्या चष्म्याने भरून निघाला, म्हणून अक्षर सुबक. एवढंच होतं.

आता दुसरं सांगते. तुझं पत्र वाचून मी आमच्या विभागप्रमुख बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. तुमच्या गल्लीतली रांग इथवर कोणाला कळलीही नसती. पण मौनाच्या दिवसांत माझ्या पत्रावरून लोकांनी चलन घेतलं, हे पोटात ठेवून रोज त्या खोलीत बसणं मला जमलं नसतं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडून तक्त्यांच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं. सध्या मी मागच्या खोलीत जुन्या फायलींना लेबलं लावते. चौकशी पुरी होईल तेव्हा नोकरी राहील की नाही ते कळेल.

बाईंनी विचारलंय की तू लेखी काही देशील का. काय झालं ते फक्त लिही. मला वाचवायला म्हणून काही जोडू नकोस.

तुझ्यावर रागावले आहे. थोडी. जास्त मी माझ्यावरच.

तुझी ठकी


२५ जुलै

चि. ठकीस आशीर्वाद.

परवा फोन लावला तो माझं चुकलंच. दोघी नुसत्या रडलो आणि मिनिटं फुकट गेली. म्हणून लिहिते.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी खोड आहे. आजवर त्याने फार तर भांडणं झाली. या वेळी तुझ्या पोटावर पाय आला. मला वाटायचं, या पोरीला माझ्याइतकं कोणी ओळखत नाही. त्या घमेंडीत मी तू न लिहिलेलं वाचलं आणि वर गावभर वाजवलं. तुझी नोकरी गेली तर घर तुझंच आहे, माजघरातली खाट अजून तशीच आहे. खोटं कशाला सांगू, तू परत यावीस असं मला कितीदा वाटतं. पण माझ्या तोंडामुळे यावं लागलं तर त्या खाटेकडे मला बघवणार नाही.

पत्र मिळालं त्याच दिवशी दुकान अर्धं बंद करून गल्लीत प्रत्येकाकडे गेले. सांगितलं, माझ्या भाचीने मला काही कळवलं नव्हतं, मीच अतिशहाणपणा केला, तुम्ही तोंडघशी पडलात ते माझ्यामुळे. खेळण्यांच्या बाई चार शब्द बोलल्या, ते मी ऐकून घेतले. घड्याळवाले म्हणाले, मीही कान दिलाच की. त्यांनी चहा पाजला.

तुमच्या बाईंसाठी सोबत वेगळा कागद आहे. तू जसाच्या तसा त्यांच्या भाषेत कर. त्यात तुझ्या लहानपणीच्या बरणीचंही आलंय, कारण त्याशिवाय त्यांना कळायचं नाही. बरोबर मशीनची पावती आहे, आणि त्याच विक्रेत्याकडून आजचा भाव लिहून आणला आहे तोही. दोन्ही शेजारी ठेवले की किती बुडाले ते दिसतं. धंद्यातला तोटा चार भिंतींबाहेर न्यायचा नाही, हा माझा नियम. तुझे आजोबा गेले तेव्हाही दुकानाची पडती बाजू मी तुझ्या बापाला कळू दिली नव्हती. पण तुमच्या बाईंनी काय झालं ते विचारलंय, आणि तोटा झाला, तर तोच पाठवते.

मशीन आलंय. खोक्यातच आहे. उघडायला हात होत नाही.

तुझी आत्या


५ ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

किल्ली परत मिळाली! आधी हे वाच, मग बाकीचं.

तुझा कागद मी बाईंसमोर बसून त्यांच्या भाषेत केला. बरणीच्या जागी त्या थांबल्या, पेन खाली ठेवलं आणि ते वाक्य परत वाचायला सांगितलं. मग तुझी पावती आणि नवा भाव शेजारी ठेवून दोन्हींतला फरक मांडला. मला विचारलं, तुमच्या आत्याला खरंच एवढा तोटा झाला? मी म्हटलं, हो. पुन्हा विचारलं, आणि सगळ्या गल्लीला? मी म्हटलं, हो, सगळ्या गल्लीला. त्या म्हणाल्या, आतली बातमी हाती लागलेली माणसं कधी एवढी बुडत नाहीत.

त्यांनी ते तसंच वर लिहून पाठवलं. माझी पत्रंही तपासली, म्हणजे माझ्या कुंड्यांचं वर्णन आता बँकेच्या दप्तरात आहे. वरून उत्तर आलं की दोष नाही, ताकीद आहे. मौनाच्या दिवसांत घरी पत्र लिहायचं तर नेहमीसारखं लांबलचक लिहावं, असं बाईंनी स्वतःहून सांगितलं. त्या हसल्या असं मला वाटलं, पण त्यांच्या बाबतीत खात्री देता येत नाही.

आत्या, तुझी शिल्लक गेली आणि माझी नोकरी राहिली. दोन्ही एकाच पावतीने झालं. मी दर महिन्याला थोडे पाठवणार आहे, नाही म्हणू नकोस. आणि ते खोकं उघड. इतकं महाग मशीन खोक्यात ठेवायला घेतलंस का?

तिसऱ्या कुंडीलाही फूल आलं. यात काही शोधू नकोस.

तुझी ठकी


१४ ऑगस्ट

चि. ठकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र घड्याळवाल्यांच्या समोर वाचलं, कारण एकटीने उघडायचा धीर नव्हता. पहिली ओळ वाचली आणि पत्र त्यांच्यापुढे केलं, पुढचं त्यांनीच वाचून दाखवलं. मग मी खोकं उघडलं.

पैसे पाठवू नकोस. पाठवलेस तर तेच पैसे परत पाठवीन आणि त्यात बदलून देणाऱ्याचं तेवढं भलं होईल. मला तोटा झाला तो झाला. आयुष्यभर तोटा झाकला, आता गिऱ्हाइकाला पाणी द्यावं तसा येईल त्याला सांगते. लोक हसतात, मीही हसते. त्या तोट्याने माझ्या पोरीची किल्ली परत आणली, तो मी का लपवू? गल्लीत मला आता दरवाल्या आत्या म्हणतात. खेळण्यांच्या बाई परवा विचारत होत्या, हल्ली ठकीचं पत्र किती ओळींचं येतं? त्यांना म्हटलं, भरपूर, तुम्ही खेळणी विका.

आपला पैसा सावरला म्हणून काचेच्या व्यापाऱ्याकडे गेले. म्हटलं, पडला तेव्हा लगेच सांगायला आलास, उठला तेव्हा कुठे होतास? तो म्हणे, जुना माल संपू द्या. भाव म्हणजे मांजर आहे, झाडावर चढताना सरसर आणि उतरायची वेळ आली की वर बसून नुसतं ओरडतं. शेवटी त्याच्या दुकानात ठाण मांडून बसले, तेव्हा एका खोक्यावर थोडं कमी केलं. मीही माझ्या पाटीवर तेवढंच उतरवलं. मास्तर आले, चष्मा करून घेतला, लावून बाहेर बघितलं आणि म्हणाले, समोरच्या घराला एवढ्या खिडक्या आहेत हे माहीत नव्हतं.

तो मशीनवरचा दुसरा चष्मा. पहिला या पत्राबरोबर आहे. तुझा नवा नंबर तू कळवला नाहीस, तेव्हा तुझ्या ऑफिसशेजारच्या त्या झगझगीत दुकानाला मीच घड्याळवाल्यांच्या मदतीने पत्र टाकलं आणि मागवून घेतला. त्यांनी सभ्यपणे दिला, नंबर बरोबरही काढलाय, उगाच नावं ठेवत नाही. कडा मशीनने घासल्या. शेवटचा हात मात्र चाकावरच दिला. मनगटाला सांगितलं, एवढ्यापुरतं सहन कर. त्याने केलं.

लोभ तुझ्यावर आहे, तो कोणत्याही बैठकीत कमी व्हायचा नाही. तुमच्या बँकेचं मौन तू पाळ, मी आता त्यात डोकावणार नाही. व्याज वाढो की उतरो, मला एक अक्षर कळवू नकोस. चष्मा फुटला तर मात्र त्याच दिवशी कळव.

तुझी आत्या